गाडीचा मुक्काम

शुक्रवार पेठेतला आत्याचा वाडा शेवटी रिकामा करायचा ठरला आणि माझ्या वाट्याला तिचं सागवानी कपाट आलं. कपाट कसलं, छोटी खोलीच ती. दाराला उभा आरसा, खालच्या खणात तीस वर्षांच्या डांबरगोळ्यांचा वास. ते आणायला छोटा हत्ती सांगितला. टेम्पोवाले दादा पन्नाशीच्या आगेमागे, सोबत मिसरूड फुटलेला एक पोरगा. वाड्याच्या अरुंद जिन्यावरून कपाट खाली येताना मी चक्क पाठ फिरवून उभी राहिले होते. पण त्यांनी ते गोधडीत गुंडाळून, सुतळीने आवळून, बाळंतिणीला आणावं तसं सांभाळून सिंहगड रोडला आमच्या पार्किंगमध्ये आणून उतरवलं. मी पाण्याची बाटली घेऊन खाली गेले तेव्हा दादा माझ्या गाडीपाशी उभे होते. गाडीच्या कुशीतून निघालेली वायर भिंतीवरच्या पेटीत गेली होती, पेटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. मानेवरचा घाम पुसत ते म्हणाले, “ही अशी रात्रभर लावून ठेवायची का ताई?”

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. मला असा प्रश्न विचारणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. मी सुरूच झाले. क्लच नाही, ऑइल बदलायचं नाही, पेट्रोलला किलोमीटरमागे सात-आठ रुपये जायचे तिथे घरच्या विजेवर दीड रुपयात भागतं, ब्रेक दाबला की वीज उलटी बॅटरीत जाते. वर्गात एखादं पोरगं खरोखर ऐकतंय असं दिसलं की माझा जसा तोल जातो तसा गेला. “तुमच्या टेम्पोतसुद्धा आता इलेक्ट्रिक येतो,” मी म्हटलं. “बघितलाय मी,” ते म्हणाले, “मार्केट यार्डात एकाकडे आहे. आवाजच नाही, मागून येतो तरी कळत नाही.” मग अर्धी बाटली एका दमात संपवून म्हणाले, “पण ताई, माझी गाडी रात्री जनता वसाहतीच्या खाली रस्त्यावर असते. आज या खांबाजवळ, उद्या त्या दुकानापुढं. जागा मिळेल तिथं. वायर कुठून टाकू?”

आणि मी म्हणाले, “होईल हो हळूहळू.”

पैसे दिले, ते गेले. कपाट बेडरूममध्ये बसलं, डांबरगोळ्यांचा वास चार दिवसांत कमी झाला. ते वाक्य मात्र जाईना. ‘होईल हो हळूहळू.’ किती सहज निघालं तोंडातून! आजारी माणसाला भेटून परत निघताना दाराशी जसं आपण काहीतरी बोलतो, तसं. इतकी वर्षं या गाडीबद्दल मला लोकांनी शंभर प्रश्न विचारले असतील. एका चार्जमध्ये किती जाते, बॅटरी किती वर्षं टिकते, पावसात शॉक बसतो का. माझ्याकडे सगळ्यांची उत्तरं पाठ आहेत. गाडी रात्री कुठे असते, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारणारे सगळे माझ्यासारखेच, पार्किंगला नंबर टाकलेले लोक.

आमच्या लहानपणी गाडीचा मुक्काम हा घरातल्या माणसांच्या झोपण्याइतकाच ठरलेला असे. बाबांची लूना त्याच वाड्यात, दिंडीदरवाज्याच्या आत, डाव्या हाताला. तिच्या पुढे भाडेकरूंच्या सहा सायकली. रात्री साडेनऊला दिंडी लागायची, त्यानंतर येणाऱ्याला आजोबांची बोलणी खाऊन आत यावं लागे. पेट्रोल बाबा मोजून भरत. लूनाला पायडल होतं, त्यामुळे पेट्रोल संपलं म्हणून कुणी रस्त्यात अडकून पडलं, असं झालं नाही. लक्ष्मी रोडवरून बाबा तीच लूना सायकलसारखी हाणत, धापा टाकत आलेले मी पाहिलेत, आणि मागे बसलेली मी लाजेने खाली बघत होते. शेजारच्या काकांची चेतक बंद पडली की ते ती एका अंगावर आडवी करत, टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल पाइपाच्या तोंडाशी आणत आणि लाथेवर लाथ मारत. आज लोक ‘रेंज’ची धास्ती म्हणून जे काही बोलतात, ती आमच्या वाड्यात रोजची होती. फक्त तिला इंग्रजी नाव नव्हतं. लूना आणि चेतक दोन्ही १९७२ सालच्या, दोन्ही पुण्याच्याच, आणि आता दोन्ही विजेवर परत आल्यात. मधल्या काळात वाडे गेले.

गाडी २०२१ मध्ये घेतली. बॅटरी तीस युनिटची. किलोवॉट-अवर वगैरे म्हणत नाही, कारण वीजबिलावरचं युनिट तेच. एवढं एक जरी लोकांना कळलं तरी निम्मे गैरसमज मिटतील असं मला वाटतं. कागदावर पल्ला तीनशेच्या वर, प्रत्यक्षात एसी लावून, चार माणसं बसवून दोनशे. त्याची मला तक्रार नाही. पुण्यात रोज तीस किलोमीटर जाणाऱ्या बाईला दोनशे म्हणजे आठवड्याचा किराणा. खरी लढाई झाली ती पंधरा अँपिअरच्या एका प्लगसाठी. माझ्या घराच्या मीटरपासून माझ्या पार्किंगपर्यंत डक्टमधून चाळीस मीटर वायर ओढायची, खर्च माझा, बिल माझं. कमिटीच्या बैठकीत एकाने विचारलं, लिफ्टवर लोड आला तर? दुसऱ्याने विचारलं, आग लागली तर? तिसऱ्याने व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला, त्यात जळत होती ती गाडी डिझेलची होती, पण ते कोण बघतं. चौथे म्हणाले, आज तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील. हे मात्र खरं होतं, आणि चांगलंच होतं, पण ते त्यांनी संकट म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, होईल हळूहळू. पुढच्या मीटिंगला घेऊ.”

चार मीटिंगा गेल्या. तोवर मी कॉलेजच्या शिपायाला गोड बोलून स्टाफरूमच्या खिडकीतून गाडी चार्ज करत होते. शेवटी परवानगी मिळाली, इलेक्ट्रिशियन आला, त्याने अर्थिंग नीट तपासलं, चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली, आणि मला त्या रात्री उगाच दोनदा खाली जाऊन हिरवा दिवा बघून यावंसं वाटलं. आता सोसायटीत अशा पाच गाड्या आहेत. चौथ्या क्रमांकाचे गृहस्थ त्यातले एक. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे पुण्यात पंचांगात छापायचं तेवढं राहिलंय, तेव्हा आम्ही पाचही जण बुधवारी रात्रीच गाड्या लावून ठेवतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडलाच नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं त्या पहाटे मात्र पहिल्यांदा मला त्या पेटीची भीती वाटली होती. आमच्याकडे पाणी आलं नाही. तरी त्यानंतर पेटी दोन फूट वर घेतली.

बाहेरगावी गेल्यावर या सगळ्या व्यवस्थेचा माज उतरतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीला चिपळूणला निघालो, कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने. कराडच्या अलीकडे महामार्गावर एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर आहे, असं ॲप सांगत होतं. ‘उपलब्ध’ असं हिरव्या अक्षरांत. प्रत्यक्षात पडदा काळा, चार्जिंगची गन लटकलेली, आणि त्याच्या सावलीत एक कुत्रं शांत झोपलेलं. वॉचमन मामा आले. “पंधरा दिवस झालं बंदच हाय ते.” बॅटरीत वीस टक्के. नवरा काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मला फार ऐकू येत होतं. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “मागं भटारखान्यात मोठा प्लग हाय, वाटणाच्या मशीनचा. सकाळचं वाटण झालंय. लावा तिथं.” तीन तास आम्ही त्या भटारखान्यामागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. कांद्याच्या सालींचा ढीग, ओल्या खोबऱ्याचा आणि भाजलेल्या मिरचीचा वास, मध्येच कुणीतरी भांड्यांचं पाणी पायाशी ओतून जायचं. तासाला पावणेतीन युनिट. मुलीने तेवढ्यात सातवीचा अख्खा इतिहासाचा धडा वाचून काढला. मामांना पैसे देऊ केले तर म्हणाले, “मालकाला इचारून सांगतो,” आणि परत आलेच नाहीत. शेवटी मी शंभराच्या तीन नोटा गल्ल्यावर ठेवल्या.

कोयनानगरला पोचलो तेव्हा चौदा टक्के उरले होते. उजव्या हाताला कुठेतरी ते प्रचंड धरण, डोंगराच्या पोटात पोफळीचं वीजघर, सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट, अर्ध्या महाराष्ट्राला संध्याकाळी हात देणारी कोयना. आणि तिच्या दारात मी चौदा टक्क्यांवर. पुढे घाट उतरायला लागलो. धुकं इतकं की पुढच्या एसटीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःच मागे ओढल्यासारखी धरते, मोटर जनित्र होते, चाकं तिला फिरवतात. गाडी आणि माणसं मिळून सतराशे किलो, उंची सहाशे मीटर, एम-जी-एच, म्हणजे वस्तुमान, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार केला तर पावणेतीन युनिट. त्यातलं सगळं काही हाती लागत नाही, पण पायथ्याला आकडा सतरा झाला होता. चढताना खर्च होतो तो उतरताना थोडा परत मिळतो, हे मी वर्गात वीस वर्षं शिकवलंय. आकडा वाढताना पाहिला आणि मी टाळी वाजवली. नवरा तेव्हा कुठे हसला. डिझेलची कुठलीही गाडी घाट उतरताना नुसते ब्रेक तापवते, हे त्याला मी चिपळूणपर्यंत तीनदा सांगितलं.

वीज कोयनेचीच असते असंही नाही म्हणा. रात्री माझ्या पेटीतून जाते ती बहुतेक कोळशाचीच. त्यामुळे हिरव्या नंबरप्लेटकडे बघून मला पुण्य वगैरे लागल्यासारखं वाटत नाही. पण गाडीच्या मागून निघणारा धूर कर्वे रोडवर तरी नसतो, आणि सिग्नलला उभं राहिल्यावर गाडी थरथरत नाही, याचं सुख मी नाकारणार नाही.

माझा भाचा अमेरिकेत टेक्ससला असतो. त्याने इलेक्ट्रिक पिकअप घेतला तेव्हा व्हिडिओ कॉलवर गाडीभोवती फिरवून दाखवला. मला ती पहिल्यांदा इमारतच वाटली. त्या जातीच्या गाड्यांत, म्हणजे फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगसारख्या, मोठी बॅटरी १३१ युनिटची असते. आमच्या घराचं पंखे, फ्रिज, गिझर धरून महिन्याचं बिल जेवढ्या युनिटचं येतं, तेवढी वीज त्या एका गाडीच्या पोटात. “मावशी, वीज गेली तर घर चालवता येतं यावर,” तो म्हणाला. खरं आहे, ती सोय त्यात आहे. “आणि सामान काय वाहतोस?” मी विचारलं. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, “परवा गादी आणली.” मागे ट्रेलर जोडला की तिचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो, ही त्या सगळ्याच गाड्यांची अडचण. वारा कापायला लागणारी शक्ती कुणाला चुकत नाही. पण त्याला ती जाणवायचं कारण नव्हतं. त्याच्या गाडीला गॅरेज आहे, गॅरेजला स्वतःचं दार आहे, आणि ट्रेलरवरची होडी वर्षातून दोनदा ओढायची असते.

आपल्याकडे ‘पिकअप’ म्हटलं की बोलेरो, आणि तिच्यावर टोमॅटोचे क्रेट. पहाटे तीनला दिवेघाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येणाऱ्या या गाड्यांचं वजन काट्यावर काही असो, स्प्रिंगा खरं सांगतात. ‘टेम्पो’ हा शब्दही आपलाच म्हणायला हवा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोमुळे तो इतका रुजला की २००५ मध्ये कंपनीने तो नावातून काढून फोर्स मोटर्स असं नाव घेतलं, तरी लोकांनी सोडला नाही. त्याच वर्षी टाटांची एस आली. लोकांनी तिला हत्ती म्हटलं, छोटा म्हटलं, आणि शेवटी टेम्पोच म्हटलं. हजारो माणसं या गाडीमुळे हमालाची मालक झाली. एक गाडी, एक हप्ता, एक मोबाइल नंबर मागच्या फळीवर रंगवलेला. त्याच एसची विजेवरची आवृत्ती २०२२ मध्ये आली, बॅटरी २१.३ युनिटची. म्हणजे माझ्या गाडीपेक्षाही लहान पोट, आणि पाठीवर कपाटं.

दादांचा प्रश्न डोक्यात बसल्यापासून मी रस्त्यावर हिरव्या पाट्या बघायला लागले. पांढरी अक्षरं असतील तर खासगी, पिवळी असतील तर धंद्याची. सकाळी नळस्टॉपच्या सिग्नलला पिवळ्या अक्षरांचे टेम्पो दिसतात, तीनचाकी त्याहून जास्त, आणि जवळजवळ सगळ्यांच्या अंगावर घरपोच पार्सलवाल्या कंपन्यांची नावं. त्यांचं कोडं सुटलेलं आहे. रात्री वीस गाड्या एका यार्डात ओळीने उभ्या राहतात, वीस वायरी लागतात, सकाळी निघतात. पीएमपीच्या विजेवरच्या बसचंही तसंच. २०१९ मध्ये भेकराईनगरचा डेपो त्यांच्यासाठी उभा राहिला, आणि बसला रात्री कुठे जायचं हा प्रश्न कधी नव्हताच. ज्याची एकच गाडी आणि जी रस्त्यावर झोपते, त्याचं नाव या हिशोबात कुठेच नाही. सरकारलाही तो चटकन दिसत नाही. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना टोल माफ झाला, मी आनंदाने एकदा जाऊन आले. मालवाहू गाड्या त्यात धरलेल्या नाहीत. ज्याला टोल वाचून खरोखर काही फरक पडला असता, तोच वगळला, असं मला वाटलं. आणि टोल न भरता गेलेली मी होते.

झोपाळ्याच्या कड्या आणि पितळी डबे वाड्यातच राहिले होते, म्हणून महिन्याभराने दादांना परत बोलावलं. या वेळी मी मागे नाही, पुढे त्यांच्याशेजारी बसले. दिवसाला साधारण शंभर किलोमीटर होतात, चार-साडेचारशेचा सीएनजी लागतो, आणि पंपावरच्या रांगेत कधी तास, कधी दीड तास. भरलेल्या गाडीला शंभर किलोमीटरला वीस युनिट धरले तर घरच्या विजेवर दोनशे रुपये. “म्हणजे रोजचे दोन-अडीचशे वाचतील,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. “वाचतील. पण बाहेरच्या पॉइंटवर युनिटला वीसच्या वर घेतात, मग काय वाचलं? आणि ही गाडी मी जुनी घेतलीय ताई, तीन लाखात. जुनी इलेक्ट्रिक कुणी देईल का? दिली तर तिच्या बॅटरीत किती जीव उरलाय, ते मला कोण सांगणार? इंजिनाचा आवाज ऐकून मी सांगतो त्यात काय आहे ते.” याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. नव्या मोटारींच्या बॅटरीला आठ वर्षांची हमी मिळते, हे ओठांवर आलं होतं. तिसऱ्या मालकाला त्याचा काय उपयोग, म्हणून गिळलं. दांडेकर पुलाच्या सिग्नलला त्यांनी सवयीने इंजिन बंद केलं. तेवढी वीस सेकंदं टेम्पोतही माझ्या गाडीसारखीच शांतता होती, मागे पितळी डबे तेवढे एकमेकांवर हळूच आपटत होते.

त्यानंतर एकदा रात्री पर्वतीच्या बाजूला एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. परतताना मुद्दाम जनता वसाहतीखालच्या रस्त्याने आले. एका रांगेत टेम्पो, रिक्षा, पाणीपुरीची हातगाडी, परत टेम्पो. चाकांमागे विटा लावलेल्या. एका टपावर कुणीतरी चटई टाकून मोबाइल बघत पडलेलं. दादांची गाडी ओळखू आली नाही, फळीवरचे नंबर अंधारात सारखेच दिसतात. दोन टेम्पोंच्या मध्ये एक इलेक्ट्रिक स्कूटर उभी होती. पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या गजातून एक पिवळी वायर खाली आली होती, विजेच्या खांबाला एक वेढा घेऊन फुटपाथ ओलांडून स्कूटरपर्यंत. जोड होता तिथे चिकटपट्टी, आणि त्यावर पावसासाठी एक प्लॅस्टिकची फुटकी बादली पालथी घातलेली. मी थांबले. वायर एक चौरस मिलिमीटरचीच असावी. स्कूटरला पाचशे-सातशे वॉट लागतात, तेवढं ती सहन करते. टेम्पोला तीन हजार लागतील. अर्थिंगची तिसरी तार होती की नाही, ते बादलीमुळे दिसत नव्हतं, म्हणून मी जरा वाकले.

“काय पाहिजे?” वरून एका बाईचा आवाज आला. खिडकीत तिचा नुसता आकार दिसत होता, हातात पोळीचं लाटणं.

“काही नाही,” मी म्हटलं, “वायर बघत होते.”

“आमचीच हाय,” ती म्हणाली, आणि मी गाडीत बसेपर्यंत खिडकीतच उभी राहिली.